प्रतिक्रियेला उत्तर: दोनशेचा टॉर्च, अठ्ठावीसशेचा टॉर्च आणि रात्रीचं पाणी

नमस्कार. 'घरच्यांना चांगला टॉर्च कसा पटवून द्यायचा' या लेखावर तुम्ही सविस्तर आणि रोखठोक लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. इतरांना संदर्भ लागेल, तेव्हा तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लेख वाचून मुलाने पुण्याहून २,८०० रुपयांचा टॉर्च मागवायचं ठरवलंय आणि लेखातला तो 'न पटणारा घरचा माणूस' म्हणजे तुम्हीच. पाळीप्रमाणे रात्रीची लाइट आली की उसाला दारं धरायला (म्हणजे पाणी द्यायला) जावं लागतं, त्याला २०० रुपयांचा चार्जिंगचा टॉर्च पुरतो, नाहीतर मोबाईल आहेच. दुकानात दोन्ही शेजारी लावून पाहिले, उजेडात फार फरक नव्हता. महागाचा सेल तालुक्याला मिळत नाही. घरच्या बायकांना ती पाच प्रकारची बटणं कळणार नाहीत. आणि 'शहरात बसून दुसऱ्याचे पैसे खर्च करायला सांगणं सोपं असतं'.

आधी पैशांचंच बोलू, कारण तिथे तुमचा हिशेब बरोबर आहे. महागडी वस्तू शेवटी स्वस्त पडते असं टॉर्चच्या बाबतीत सर्रास सांगितलं जातं, पण आकडे तसं सांगत नाहीत. दोनशेचा टॉर्च दरवर्षी नवा घेतला तरी दहा वर्षांत २,००० रुपये. मुलगा म्हणतो तो २,८०० चा, त्यात तीन-चार वर्षांनी सेल बदलायचा, म्हणजे दहा वर्षांत दोनदा, चांगला सेल ६०० च्या आसपास धरा, झाले ४,०००. दुप्पट. त्यामुळे 'पैसे वाचतात' असं सांगून कोणी पटवायला आलं तर खुशाल परत पाठवा. प्रश्न एवढाच आहे की वरचे २,००० रुपये देऊन काय मिळतं, आणि ते तुमच्या कामाचं आहे का.

त्याचं उत्तर दुकानात मिळत नाही, कारण दुकानात टॉर्च पूर्ण चार्ज केलेला असतो आणि समोर दहा फुटांवर पांढरी भिंत असते. त्या पहिल्या मिनिटाला दोनशेचा टॉर्चही झगमगतो. शिवाय उजेड दुप्पट झाला तरी डोळ्याला तो दुप्पट वाटत नाही, त्यामुळे फरक आहे त्यापेक्षा कमीच दिसतो. दारं धरताना टॉर्च लागतो तो दोन-तीन तास. म्हणून पारख करायची ती दुसऱ्या तासाच्या उजेडाची.

तुमच्याकडचा टॉर्च मागच्या घडीच्या दोन पिनांनी थेट बोर्डात खोचायचा असेल, तर आत बहुधा ४ व्होल्टची शिशाची छोटी बॅटरी आहे. तिच्यावर ९०० एमएएच (बॅटरीच्या क्षमतेचं माप) लिहिलेलं असेल तर ती साठवते ३.६ वॅट-तास. मुलाच्या टॉर्चमध्ये १८६५० नावाचा लिथियम सेल असतो (१८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब). ३,५०० एमएएचचा अस्सल सेल साठवतो साधारण १२.६ वॅट-तास, म्हणजे साडेतीन पट. २०० ल्युमेन (ल्युमेन हे उजेडाचं माप) उजेडाला चांगल्या टॉर्चमध्ये साधारण २ वॅट लागतात. भागाकार करा, सहा तास. पहिल्या तासात जेवढा उजेड, जवळजवळ तेवढाच पाचव्यात, कारण आतलं सर्किट एलईडीला जाणारा करंट सारखा ठेवतं. स्वस्त टॉर्चमध्ये असं सर्किट नसतं. बॅटरी उतरत जाईल तसा उजेड उतरत जातो, आणि हळूहळू उतरतो म्हणून लक्षात येत नाही. डोळे सरावतात, माणूस 'दिसतंय की' म्हणत चालत राहतो.

ही शिशाची बॅटरी लवकर का मरते तेही सांगतो, कारण दोष वापरणाऱ्यावर ढकलला जातो. तिला दोन गोष्टी सोसत नाहीत: पार रिकामी होणं आणि भरल्यावरही चार्जिंगला राहणं. स्वस्त टॉर्चमध्ये दोन्ही थांबवणारं काही नसतं. साडेतीन व्होल्टच्या खाली गेली तरी दिवा जळतच राहतो. मग ती तशीच दोन दिवस कोपऱ्यात पडली की आतल्या पत्र्यांवर सल्फेटचा थर बसतो. चार्जिंगला लावली तर तो लाल दिवा बहुतेक टॉर्चमध्ये फक्त 'बोर्डात करंट आहे' एवढंच सांगतो. बॅटरी भरली की नाही याच्याशी त्याचा संबंध नसतो. रात्रभर, कधी दोन रात्री राहते, आतलं पाणी आटतं, बॅटरी फुगते. आणि एक धोका: या टॉर्चमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो, २३० व्होल्ट एका कपॅसिटरमधून थेट आत येतात. चार्जिंगला लावलेला टॉर्च फुटला असेल, उघडा असेल किंवा ओला असेल तर त्याला हात लावू नका. हे एवढं एक वाक्य पाळलंत, तर नवा टॉर्च नाही घेतलात तरी चालेल.

आता मोबाईल. त्याचा फ्लॅश साधारण पन्नासेक ल्युमेनचा, आणि तो उजेड चहूकडे पसरतो. घरात किल्ली शोधायला उत्तम. बांधावर मात्र पाच-सात पावलांपुढे काही उरत नाही, हात चिखलाचे असतात, आणि अडचणीत फोन करायचं साधन तेच असतं. दिवा म्हणून संपवायची वस्तू नाही ती.

स्वस्तातले 'झूम'वाले टॉर्च दुकानात सगळ्यांना भुलवतात. पुढचं तोंड ओढलं की लांबवर एक चौकोनी ठिपका पडतो. तो चौकोन म्हणजे एलईडीच्या चकतीचंच प्रतिबिंब. त्याच्या बाहेर मिट्ट काळोख. पाय कुठे पडतोय ते दिसत नाही. शिवाय तोंड मागेपुढे करताना हवा आतबाहेर होते आणि हवेबरोबर पावसाचं पाणीही, म्हणून तो पहिल्याच पावसाळ्यात जातो. चालायला हवा असतो मधला झोत आणि त्याच्या भोवती पसरलेला मंद उजेड, दोन्ही एकाच वेळी. साधा रिफ्लेक्टरवाला टॉर्च ते देतो.

ल्युमेन म्हणजे एकूण किती उजेड बाहेर पडला, आणि कँडेला म्हणजे झोताच्या मध्यावर तो किती एकवटला. फेनिक्स, नाइटकोर यांसारख्या कंपन्या पाकिटावर 'एएनएसआय एफएल१' या पद्धतीने मोजलेले आकडे छापतात. त्यात पल्ला मोजतात तो चंद्रप्रकाशाएवढा, ०.२५ लक्स (समोरच्या वस्तूवर किती उजेड पडतो त्याचं माप) उजेड पोचेल तिथपर्यंत. १०,००० कँडेलाचा टॉर्च २०० मीटर दाखवतो असं त्यावर लिहिलेलं असेल. पण चंद्रप्रकाशात तुम्ही काय ओळखणार? खरा उपयोग त्याच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत. तो टॉर्च ६० मीटरवर पावणेतीन लक्स देतो, उसाच्या कडेला काय हललं ते कळायला तेवढं बास होतं. आणि ज्याच्यावर 'एक लाख ल्युमेन' किंवा १८६५० सेलवर '९,९०० एमएएच' लिहिलंय तो हातातही घेऊ नका. त्या मापाच्या सेलमध्ये तेवढी क्षमता बसतच नाही.

साप-विंचवाचं तुम्ही 'आजवर काही झालं नाही' म्हणून सोडून दिलंत. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसं दगावतात, त्यांतली निम्मी जून ते सप्टेंबरमध्ये. बहुतेक दंश पायाला. म्हणून घरात गमबूट नसतील तर टॉर्चच्या आधी गमबूट घ्या. स्वस्त आहेत आणि त्यांना चार्जिंग लागत नाही. हे झाल्यावर टॉर्चकडे या. बिबट्याचे डोळे उजेडात चमकतात (टॉर्च कानशिलाजवळ धरला तर जास्तच), सापाचे तसे चमकत नाहीत. साप अंगाच्या रंगावरून आणि नक्षीवरूनच ओळखावा लागतो. स्वस्त निळसर-पांढऱ्या एलईडीत लाल छटा कमी असते. माती, पाचट आणि घोणशीचं तपकिरी अंग सगळं एकाच करड्या रंगाचं दिसतं. ४,००० ते ५,००० केल्व्हिनचा (उजेड पिवळट की निळसर याचं माप), सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचं माप) ९० च्या वरचा एलईडी असेल तर हे रंग वेगळे निघतात. भिंतीवर तो किंचित पिवळट आणि मंद दिसतो, म्हणूनच दुकानात हरतो.

आणि टॉर्च कसा धरायचा: डोक्याला बांधायचा दिवा हात मोकळे ठेवतो, फावडं चालवताना तो लागतोच, पण त्याचा उजेड डोळ्याच्या रेषेत असल्यामुळे सावल्या लपतात आणि जमीन सपाट वाटते. चालताना टॉर्च कमरेच्या उंचीला धरा. तिरका उजेड पडला की खड्डा, दगड, सरीतलं वेटोळं, प्रत्येकाची सावली पडते.

सेल मिळत नाही, हा तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा. त्याला दोन वाटा. एक, टॉर्चला मोबाईलचाच टाइप-सी चार्जर चालतो ना आणि सेल बाहेर निघतो ना, हे मुलाला पाहायला सांगा. काही कंपन्यांचा सेल त्यांच्याच टॉर्चपुरता असतो, दोन्ही टोकांचे संपर्क एकाच बाजूला, तो टाळा. बरोबर एक जादा सेल मागवून प्लास्टिकच्या डबीत ठेवा. खिशात किल्ल्यांबरोबर सुटा कधीच नको, टोकं जुळली तर पेट घेतो. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल कोणी स्वस्तात दिले तरी नकोत. दुसरी वाट, दोन पेन्सिल सेलवर चालणारा चांगला टॉर्च. उजेड कमी, पण सेल गावातल्या दुकानात मिळतो. अडगळीत ठेवायचा असेल तर सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरून आतले स्प्रिंग खातात.

बटणांचं मात्र बायकांवर ढकलू नका. धरून ठेवलं की एक, दोनदा दाबलं की दुसरं, तीनदा दाबलं की लुकलुक, असल्या टॉर्चवर कोणीही वैतागेल. मागच्या टोकाला खटक्याचं बटण असलेला घ्या, 'खट्' चालू, 'खट्' बंद. मधल्या, म्हणजे १५० ते २०० ल्युमेनच्या पायरीवर लावून ठेवा. शेवटची पायरी लक्षात ठेवणारा असेल तर रोज तिथेच लागेल. पूर्ण उजेडावर छोटा टॉर्च तापतो आणि दोन-चार मिनिटांत स्वतःच उजेड उतरवतो. तो बिघाड नव्हे. घरात लाइट गेली की टॉर्च टेबलावर उभा ठेवून झोत छताकडे करा, सगळी खोली उजळते. मेणबत्तीची गरज उरत नाही.

एवढं वाचूनही पटलं नसेल, तर मुलाच्या मित्राचा वगैरे एखादा चांगला टॉर्च एका रात्रीपुरता मागून घ्या आणि असं करून बघा. दोन्ही दिवसा पूर्ण चार्ज करा. रात्री आठला दोन्ही लावा, महागाचा मधल्या पायरीवर, आणि ओसरीवर तसेच ठेवा. दहाला दोन्ही घेऊन बांधावर जा. घरातल्या कोणाला तरी आधीच तपकिरी दोराचा हातभर तुकडा पाचटात टाकून ठेवायला सांगा, कुठे ते तुम्हाला न सांगता. आधी जुन्या टॉर्चने शोधा, मग दोराची जागा बदलायला लावून नव्या टॉर्चने. रबरी साप वापरू नका. पोरांना ती हौस असते, पण दचकलेला माणूस काही पारखत नाही. दोन्हींनी दोर सारखाच चटकन दिसला, तर २०० रुपयांचाच वापरत राहा, आणि मुलाला हे उत्तर दाखवून तसं सांगा.

आता मुलाच्या २,८०० विषयी. त्याने बहुधा २,००० ल्युमेनचा निवडलाय. तुमच्या कामाला कमाल ६००-८०० ल्युमेन, ८ ते १० हजार कँडेला, एक १८६५० सेल, मागे खटका, टाइप-सी, आयपीएक्स७ किंवा वर एवढं पुरे. आयपीएक्स७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास. पाटात पडला तर उचलून पुसला की झालं, फक्त चार्जिंगच्या भोकाचं रबरी झाकण घट्ट बसलेलं हवं. असा टॉर्च दीड ते दोन हजारांत मिळतो. तेव्हा तुम्ही दोघांनीही थोडं खाली-वर यावं.

देखभाल थोडीच. महिन्याकाठी मागची टोपी उघडून आटे कोरड्या फडक्याने पुसायचे. उजेड लुकलुकायला लागला तर दहापैकी नऊ वेळा कारण तिथली माती असते. रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा. खोबरेल नको, धूळ धरतं. पिशवीत टाकताना टोपी पाव फेरा सैल करा, म्हणजे आपोआप लागून सेल संपणार नाही. उन्हात ट्रॅक्टरच्या सीटवर ठेवू नका.

आणि टॉर्च घरी आला आणि लागलाच नाही, तर लगेच मुलाला फोन करू नका. टोपी आणि सेल यांच्यामध्ये कंपनी प्लास्टिकची पातळ चकती घालून पाठवते, वाटेत चालू होऊ नये म्हणून. ती आधी काढा.