मान्यता द्यायची? जरा दमानं घ्या

उद्या एखाद्या बड्या देशाची सत्ता तुमच्या हाती आली आणि २४ एप्रिल तोंडावर आला, तर गडबडून जाऊ नका. १९१५ साली याच तारखेला ऑटोमन तुर्की सरकारनं इस्तंबूलमधले आर्मेनियन लेखक, वकील, पुढारी घरांतून उचलले. पुढे बायकापोरांसकट गावंच्या गावं सीरियाच्या वाळवंटाकडे पायी हाकलली. तुम्हाला ठरवायचंय ते एवढंच, की याला वंशसंहार म्हणायचं की नाही. तुर्कस्तानला हा शब्द खपत नाही.

विरोधात असताना खुशाल म्हणा. ओबामांनी २००८च्या प्रचारात तसं ठणकावून सांगितलं होतं. खुर्ची मिळाल्यावर मात्र नकाशा उघडा, अमेरिकी विमानं जिथं असतात त्या तुर्कस्तानातल्या इंजिर्लिक हवाई तळावर बोट ठेवा आणि दरवर्षी निवेदनात ‘मेड्झ येघेर्न’ लिहा. आर्मेनियन भाषेत त्याचा अर्थ ‘महासंकट’. ताकाला जाऊन भांडं लपवायची याहून सभ्य रीत नाही. ओबामांना ती आठही वर्षं पुरली.

कुणी पुरावा मागितलाच, तर इतिहासकारांची समिती सुचवा. तुर्कस्तान २००५ पासून तेच सुचवतोय. अमेरिकेचे राजदूत मॉर्गेन्थाऊ यांनी जुलै १९१५ मध्येच तारेने वॉशिंग्टनला सगळं कळवलं होतं, हे समितीला सांगू नका. बिचारीचं काम जाईल.

उरुग्वेचं उदाहरण कुणी दिलं, तर हसण्यावारी न्या. त्यांनी १९६५ सालीच मान्यता देऊन टाकली. तुर्कस्तानात त्यांचा कुठे हवाई तळ आहे! जर्मन संसदेचा ठराव २०१६चा. मर्केलबाई मतदानाला हजर नव्हत्या. अशी कामं नेमकी त्याच दिवशी निघतात, हे तुम्हीही शिकून घ्या.

आता मान्यता द्यायचीच, तर मुहूर्त पाहून द्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये तुर्की सैन्य उत्तर सीरियात घुसलं, आणि त्याच महिन्यात अमेरिकी प्रतिनिधिगृहाला १९१५ आठवलं. ४०५ विरुद्ध ११! इतकी वर्षं अडलेला इतिहास अंकाराशी बिनसताच मोकळा झाला.

दिल्लीचं काय, असं विचारू नका. पुण्यात विकसित झालेलं पिनाक रॉकेट आर्मेनियाला विकता येतं, त्यांच्या राजधानीत, येरेव्हानला, या संहाराच्या स्मारकावर परराष्ट्रमंत्र्यांना फुलं वाहता येतात. औपचारिक मान्यता तेवढी राहिलीय.

आणि दिलीच चुकून, तरी बिघडत नाही. बायडेन २०२१ मध्ये ‘वंशसंहार’ हा शब्द बोलले. २०२५च्या २४ एप्रिलला ट्रम्प यांच्या निवेदनात पुन्हा ‘मेड्झ येघेर्न’ आलं. ठराव मागे घेण्याची यातायात नाही, मतदान नाही. जुना मसुदा कपाटात असतोच.