फुकट कोण खातंय?

दर नोव्हेंबरात मी अप्पांना घेऊन बँकेत जाते, हयातीचा दाखला द्यायला. पंचवीस वर्षं फौजेत काढलेला माणूस. यंदा मशीनवर अंगठाच उमटेना. रुमालाने पुसला, ओला करून पाहिला, चौथ्यांदा टेकवला, तरी नाही. मागे रांग खोळंबली आणि कुणीतरी म्हणालं, "सरकारने फुकट किती जणांना पोसायचं?"

अप्पांनी मागे वळूनही पाहिलं नाही. मला मात्र त्या "फुकट" शब्दाने रात्रभर झोप लागू दिली नाही. याच शब्दापायी १९३२ साली वॉशिंग्टनमध्ये जे घडलं ते लिहिते. लांब आहे, पण वाचा.

पहिलं महायुद्ध. आमच्या साताऱ्याकडे कित्येक गावांत भिंतीवर त्याची पाटी दिसते, या गावातून इतके गेले, इतके मेले. त्याच युद्धात अमेरिकेचा साधा शिपाई महिना ३० डॉलरवर लढला. मागे कारखान्यांत राहिलेल्यांनी त्या काळात कितीतरी जास्त कमावलं. हा फरक भरून द्या, एवढंच परतलेल्या शिपायांचं म्हणणं होतं. १९२४ साली राष्ट्राध्यक्ष कूलिज यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, कायदा केला. देशात केलेल्या नोकरीचा दिवसाला एक डॉलर, परदेशातल्याचा सव्वा डॉलर. पण रक्कम ५० डॉलरच्या वर असेल तर हातात फक्त प्रमाणपत्र. पैसे १९४५ ला! त्याआधी मेलात तर वारसांना. म्हणून लोक त्याला थडग्याचा बोनस म्हणायचे. अप्पांना पैशासाठी जिवंत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. यांना पूर्ण रक्कम लवकर हवी तर मरावं लागत होतं.

१९२९ ला शेअर बाजार कोसळला. हजारो बँका बुडाल्या. १९३२ पर्यंत जवळजवळ चौघांतला एक कामगार घरी बसला होता. पोरं उपाशी आणि पेटीत सरकारी शिक्क्याचा कागद, तेरा वर्षांनी वटणारा. त्या कागदावर अर्धी रक्कम उचलायची सोय झाली होती, पण तीही कर्ज म्हणून, व्याजाने. आपल्याच पैशावर व्याज!

मे महिन्यात ओरेगॉनमधल्या पोर्टलँडहून वॉल्टर वॉटर्स नावाचा बेकार सार्जंट शे-तीनशे जणांना घेऊन मालगाड्यांतून वॉशिंग्टनकडे निघाला, पैसे आताच मागायला. वाटेत माणसं जोडली जात गेली. जूनमध्ये वॉशिंग्टनला वीसेक हजार जण जमले होते, कित्येक बायकामुलांसकट. अ‍ॅनाकोस्टिया नदीकाठच्या चिखलात त्यांनी पत्रे, खोकी, भंगारातल्या मोटारींचे सांगाडे यांच्या झोपड्या उभ्या केल्या. पण शिस्त बघा. रस्ते आखले, संडासचे चर खणले, दारूला बंदी. आणि काळे-गोरे शेजारी शेजारी राहत होते, ज्या सैन्यात लढले तिथे त्यांच्या पलटणी वेगळ्या असताना! शहराचा पोलीसप्रमुख ग्लासफर्ड स्वतः त्याच युद्धातला ब्रिगेडियर जनरल. तो मोटारसायकलवरून छावणीत यायचा, स्वतःच्या खिशातून धान्य आणून द्यायचा. या गोष्टीत मला मनापासून नमस्कार करावासा वाटतो तो याला.

१५ जूनला संसदेच्या खालच्या सभागृहाने, म्हणजे प्रतिनिधीगृहाने, पैसे लगेच द्यायचं विधेयक मंजूर केलं. १७ जूनला हजारो माणसं कॅपिटल या संसदभवनाबाहेर ताटकळत होती. रात्री निकाल आला: सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, बाजूने १८, विरोधात ६२. एक दगड पडला नाही. त्यांनी देशाचं गीत म्हटलं आणि मुकाट छावणीत परतले. हे वाचताना आजही माझा गळा दाटतो.

सरकारने मग परतीच्या भाड्याची सोय केली. तेही बोनसमधून कापून घ्यायचं ठरवून. बरेच गेले, पण जायला घरच नसलेले राहिले. २८ जुलैला पोलिसांच्या गोळीबारात दोघे पडले. त्यातला विल्यम हुश्का लिथुएनियातून आलेला. १९१७ साली स्वतःचं मटणाचं दुकान विकून तो फौजेत भरती झाला होता. त्याच दुपारी राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी लष्कर बोलावलं. लष्करप्रमुख जनरल मॅकआर्थरच्या हुकमाखाली घोडदळ, संगिनी, रणगाडे आणि अश्रुधूर आपल्याच जुन्या शिपायांवर गेला. नदी ओलांडू नका, असा निरोप असूनही मॅकआर्थरने ती ओलांडली. रात्री छावणी जळत होती.

त्या घोडदळात मेजर पॅटन होता. १९१८ साली फ्रान्समध्ये जखमी पडलेल्या याच पॅटनचा जीव जो अँजेलो नावाच्या शिपायाने वाचवला होता. अँजेलो न्यू जर्सीहून आलेला, या निदर्शकांतच होता. दुसऱ्या दिवशी तो भेटायला गेला तर पॅटनने त्याला ओळख दिली नाही, घालवून दिलं.

हूवर निर्दय होते असं मी म्हणत नाही. महायुद्धात उपाशी बेल्जियमला अन्न पोचवणारे तेच. तिजोरीवर २४० कोटी डॉलरचा बोजा पडेल, ही त्यांची काळजीही खोटी नव्हती. पण माझं म्हणणं असं की राबवून घेतलेल्या कामाची थकबाकी मागणाऱ्याला एकदा का तुम्ही याचक ठरवलंत, की मग त्याच्यावर रणगाडा घालायला मन कचरत नाही.

जेवताना अप्पांना हे सगळं सांगितलं. त्यांनी घास थांबवून विचारलं, "मग शेवटी मिळाले का पैसे?"

मिळाले, १९३६ साली. हूवरनंतरचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचाही नकाराधिकार डावलून काँग्रेसने दिले. पण त्याआधी यांच्यातल्या काहींना सरकारने फ्लोरिडाच्या बेटांवर रस्ता बांधायच्या कामावर पाठवलं होतं. सप्टेंबर १९३५ च्या चक्रीवादळात तिथे अडीचशेहून जास्त माजी सैनिक मेले. त्यांना आणायला निघालेली गाडी वेळेत पोचली नाही, लाटेने तिचे डबे रुळांवरून उलथवून टाकले.