पासवर्ड मागून ॲप बनत नसतं रे बाबा

ते फॉरवर्ड शेवटी आमच्या 'आजोळ' ग्रुपवर पण पोचलं. "सोशल मीडिया एपीआय शिका, 7 दिवसांत स्वतःचं ॲप, कोडिंगची गरज नाही, एपीआय फ्री आणि अनलिमिटेड, कुणाच्याही इन्स्टाचे फोटो-फॉलोअर्स तुमच्या ॲपमध्ये, फक्त युजरचा लॉगिन-पासवर्ड विचारा." खाली क्यूआर, 2,999 रुपये. (एपीआय म्हणजे एका ॲपनं दुसऱ्याकडून माहिती मागायची अधिकृत खिडकी.) रविवारी मी पोह्यांवर शेव घालतोय तेवढ्यात इंदूरच्या राजेंद्र नगरहून भाच्याचा फोन, मामा भरू का, आज शेवटचा दिवस आहे म्हणे. दोन महिने झाले, तो शेवटचा दिवस काही संपत नाहीये.

आधी पासवर्डचंच घेतो, बाकी थापा आहेत पण ह्याच्यात पोरगं अडकेल. अरे, ॲपनं पासवर्ड मागायचाच नसतो! तुमचं ॲप युजरला इन्स्टाच्याच लॉगिन पानावर पाठवतं, तो तिथे परवानगी देतो आणि तुम्हाला मिळतं एक टोकन, म्हणजे परवानगीची डिजिटल चिठ्ठी, ठराविक कामापुरतं, ठराविक मुदतीचं (इन्स्टाचं लाँग-लिव्हड टोकन 60 दिवस चालतं). दूधवाल्यासाठी आपण दाराबाहेर भांडं ठेवतो, घराची किल्ली देत नाही, तसंच. आणि "कुणाच्याही"? इन्स्टाची मालक कंपनी मेटाच्या डेव्हलपर पानावर स्पष्ट लिहिलंय, साध्या पर्सनल अकाउंटसाठी जो बेसिक डिस्प्ले एपीआय होता तो 4 डिसेंबर 2024 ला बंद झाला. आता बिझनेस किंवा क्रिएटर अकाउंटच चालतं, आणि ॲप डेव्हलपमेंट मोडमध्ये (बनवण्याच्या टप्प्यात) असेपर्यंत फक्त तुम्ही आणि तुम्ही जोडलेले टेस्टर. परक्या लोकांचा डेटा हवा तर आधी ॲप रिव्ह्यू, म्हणजे मेटाची तपासणी. हे कडक का झालं? फेसबुकवरच्या एका क्विझ ॲपनं पूर्वी ॲप घेणाऱ्यांचाच नाही, त्यांच्या मित्रांचाही डेटा ओढला होता, ॲप टाकलं जेमतेम 2 लाख 70 हजार लोकांनी आणि 2018 मध्ये फेसबुकनंच सांगितलं की 8 कोटी 70 लाखांपर्यंत लोकांचा डेटा गेला असेल. केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण म्हणतात ते हेच. आणि हे कोर्सवाले महाशय तेच शिकवायचे पैसे घेतायत.

"फ्री आणि अनलिमिटेड" म्हणे. ट्विटरनं फेब्रुवारी 2023 मध्येच एपीआयचं फुकटचं दुकान बंद करतोय म्हणून जाहीर केलं, रेडिट ह्या चर्चेच्या साइटनं त्याच वर्षी जुलैपासून पैसे लावले आणि रेडिट वाचायचं अपोलोसारखं चांगलं चाललेलं ॲप बंद पडलं. यूट्यूब फुकट आहे, पण रोजचा ठरलेला सगळा कोटा सर्चवर घातला तरी दिवसाला 100 सर्च, की संपलं. एवढ्यात तर तुमचा एक मित्रच दमवेल ॲपला.

कोडिंग नको वगैरेवर काय बोलायचं, सोडा.

आता "7 दिवसांत", हे मान्य करायला जिवावर येतंय पण अगदीच खोटं नाही. टेलिग्रामवर बॉटफादरशी (नवे बॉट नोंदवणारा टेलिग्रामचाच बॉट) चॅट करून टोकन घ्या, पायथन ह्या कोडिंगच्या भाषेत वीस-पंचवीस ओळी लिहा, संध्याकाळपर्यंत बॉट, म्हणजे आपोआप उत्तरं देणारं खातं, बोलायला लागतो, एक रुपया लागत नाही. भाच्याला तेच करायला लावलं. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, आज आहे का उद्या ह्यावरून घरात रोज वाद, तर त्यानं तेच सांगणारा बॉट बनवला, मंगळवारी बनला पण. मग पठ्ठ्यानं कौतुकानं कोडचा स्क्रीनशॉट 'आजोळ'वर टाकला, टोकनसकट! ते ज्याच्या हाती लागेल तो बॉट चालवू शकतो. आता बसलाय जुनं टोकन रद्द करून नवीन घेत.