हळद-लसणानं अंडी दुप्पट होत नाहीत

नागपूर, काटोल, उमरेडकडच्या कुक्कुटपालकांत एक मेसेज जोरात फिरतोय: कोंबड्यांना हळद, लसूण, शतावरी अन् शेवग्याचा पाला द्या; अंडी दुप्पट होतील, लस लागणार नाही, बलक पिवळाधमक म्हणजे अंडं जास्त पौष्टिक, आणि वनस्पतीच असल्यानं अपाय शून्य.

दुप्पट? एक अंडं तयार व्हायलाच २४ ते २६ तास लागतात, त्यातले जवळपास २० तास कवच चढण्यात जातात. चांगली लेयर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेली कोंबडी, आधीच जवळजवळ रोज अंडं देते. अंडी घटली असतील तर १६ तास उजेड मिळतोय का, खाद्यात प्रथिनं किती, पाणी गार आहे का, ते आधी बघा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. कोंबडी चोच उघडी टाकून धापा टाकते, रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, कवचाला कार्बोनेट कमी पडतं. त्यात खाणंही घटतं. मग ट्रेमध्ये तडकलेली अंडी दिसतात. यावर शेडला ओली पोती, फवारे, सकाळ-संध्याकाळ खाद्य, खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असा उपाय आहे. शतावरी देऊन ही उणीव भरत नाही.

लस बंद करा, हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. मानमोडी (राणीखेत) हा कोंबड्यांचा रोग विषाणूमुळे होतो. त्यावरच्या लसी, पहिल्या आठवड्यात लासोटा, पुढे आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी, हे चुकलं तर काही दिवसांत अख्खी शेड आडवी होऊ शकते. लसूण कितीही घाला, विषाणूविरुद्धची प्रतिकारशक्ती त्यातून तयार होत नाही. वेळापत्रक सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा गावच्या पशुवैद्यकांना विचारा.

बलकाचं म्हणाल तर शेवगा, पिवळा मका, झेंडू यांनी रंग खरंच चढतो. पण रंगावरून प्रथिनं कळत नाहीत. पांढऱ्या ज्वारीवरच्या कोंबडीचं बलक फिकट असतं, प्रथिनं तेवढीच.

आणि अपाय शून्य, हे तर विदर्भातल्या माणसानं म्हणूच नये. सरकीही वनस्पतीचीच, पण तिच्यातल्या गॉसिपॉल या विषारी घटकामुळे साठवलेल्या अंड्याचं बलक हिरवट-तपकिरी पडतं. कोंबडी दिवसाला सुमारे ११० ग्रॅम खाते. त्यात मूठमूठ पाला कोंबला की प्रथिनं तेवढी घटतात. पावसाळ्यात नीट न वाळलेल्या पाल्याला बुरशी धरते, आणि बुरशीचं विष पक्ष्याच्या यकृतावर जातं.