डेट्रॉइटच्या निवृत्तिवेतनाविषयी खुलासा

‘अमेरिकेतील डेट्रॉइट शहराचे दिवाळे निघाले आणि निवृत्त कर्मचाऱ्यांचे पेन्शन पूर्ण बुडाले’ असा मजकूर सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे.

जुलै २०१३ मध्ये शहराने दिवाळखोरीचा अर्ज केला. न्यायालयाने मंजूर केलेल्या आराखड्यानुसार सर्वसाधारण निवृत्तांच्या मूळ पेन्शनमध्ये ४.५ टक्के कपात झाली आणि महागाईनुसार होणारी वार्षिक वाढ थांबली. पोलीस व अग्निशमन दलाचे मूळ पेन्शन कायम राहिले, मात्र त्यांची वार्षिक वाढ घटली. खरा घाव बसला तो निवृत्तांच्या आरोग्यविम्यावर, कारण त्यासाठीची शहराची देणी जवळजवळ नव्वद टक्क्यांनी कापली गेली. फिरत्या मजकुरात नेमका याचाच उल्लेख नाही, हे खेदजनक आहे.

‘पुढची दहा वर्षे शहर निश्चिंत राहिले’ हा दावाही अर्धसत्य आहे. धर्मादाय संस्था, राज्य सरकार आणि कलासंग्रहालय यांच्या मदतीमुळे शहराच्या सर्वसाधारण निधीवरील पेन्शनचा बहुतेक भार २०२३ पर्यंतच्या काळापुरता उतरला होता, हे खरे. परंतु निवृत्तांच्या आयुर्मानाचे अंदाज सुधारल्यावर त्यानंतर शहराने पेन्शनसाठी भरायचा वार्षिक हप्ता अपेक्षेपेक्षा बराच मोठा ठरेल असे दिसताच, महापौर माइक डगन यांच्या प्रशासनाने २०१७ मध्ये स्वतंत्र निवृत्तिसंरक्षण निधी उभारला, दरवर्षी त्यात रक्कम बाजूला काढली आणि २०२४ च्या आर्थिक वर्षात हप्ते पुन्हा सुरू झाल्यावर त्यांचा अंदाजपत्रकावरील धक्का याच निधीतून हलका करण्याची तजवीज केली.