‘५०० रुपयांच्या अर्जाचे ९ हजार उकळले’ या अभिप्रायाला केंद्रचालकाचं उत्तर

नमस्कार भाऊ,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की दिवाळखोरीचा अर्ज कायद्यानं ५०० रुपयांत होतो, आम्ही ९ हजार उकळले, बुडालेल्या माणसालाही सोडलं नाही आणि वर दोन तास बसवून ठेवलं. बसवून ठेवल्याबद्दल माफी मागतो. त्या दिवशी लाईट गेली होती, इन्व्हर्टर उतरला होता. पण ते तुम्हाला आल्याआल्या सांगायला पाहिजे होतं, आणि आमच्या पोरानं ‘थांबा की जरा’ असं तोडून बोलायला नको होतं. त्याला समज दिली आहे.

पण ‘उकळले’ हा शब्द वाचल्यापासून घास गोड लागेना. परभणीच्या कोर्टासमोर माझ्या वडिलांनी टेबलावर टाइपरायटर मांडला, त्याच जागेवर मी आज कॉम्प्युटर घेऊन बसतो. अर्जनवीसाचं दुकान म्हणजे लोकांच्या विश्वासावरच चालतं. तुमचं लिहिलेलं वाचून कालच एकानं फोनवर विचारलं, ‘तुमच्याकडे जास्तीचे घेतात का?’ म्हणून हिशेब इथंच मांडतो.

आधी ते ५०० रुपये. १९२० च्या प्रांतिक नादारी (म्हणजे दिवाळखोरी) कायद्यात एक कलम आहे. कर्जदारानं स्वतः नादारीचा अर्ज करायचा तर त्याच्यावरचं कर्ज एरवी किमान ५०० रुपयांचं असावं, असं त्यात म्हटलंय. ते ५०० म्हणजे कर्जाचा आकडा, अर्जाची फी नव्हे. तुमच्या भाच्यानं मोबाईलवर दाखवलेला व्हिडिओ तर अमेरिकेचा होता. तिथं चॅप्टर ७ च्या, म्हणजे तिथल्या दिवाळखोरीच्या, अर्जाला ३३८ डॉलर कोर्टाची फी पडते, आणि वकील लावला तर त्याचे पैसे तिथंही वेगळेच. हे मी तेव्हाही सांगितलं होतं. पण तेव्हा तुमचं डोकं ठिकाणावर नव्हतं, हे मला दिसत होतं. बँकेची नोटीस हातात असलेल्या माणसाचं असणारही नाही.

आता ते ९ हजार. नेमका आकडा ९,१७२. त्यातले ५,००० तुम्ही वकीलसाहेबांच्या हातात स्वतः दिले, वकीलपत्रावर सही करताना. मी पलीकडच्या खुर्चीवर होतो, त्या पैशाला माझा हातही लागला नाही. २,४०० वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीचे. ती कोर्टानं द्यायला सांगितली, म्हणजे तुमच्या सगळ्या धनकोंना, ज्यांचं तुम्ही देणं लागता त्यांना, कळावं आणि कुणाची हरकत असेल तर त्यानं यावं. तिची पावती वर्तमानपत्राच्या नावची आहे. ३५० कोर्ट फी स्टॅम्प आणि नोटरीचे. म्हणजे ७,७५० रुपये माझ्याकडे आलेच नाहीत. माझ्याकडे आले ते टायपिंगचे ३४ पानांचे २५ रुपयांप्रमाणे ८५०, चार संचांच्या झेरॉक्सचे २७२ आणि सल्ल्याचे ३००. झाले १,४२२. पहिल्या दिवशी मी काय म्हणालो होतो आठवा : ‘माझे लिहिण्याचे हजार-दीड हजार होतील.’ तेवढेच झाले.

एक मात्र मान्य करतो. वकील आणि नोटीस धरून एकूण किती लागतील हे मी पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून द्यायला हवं होतं. तोंडी सांगितलं, आणि तेही तुकड्या-तुकड्यानं. ऐकणाऱ्याला वाटलं असेल, हा रोज नवीन पैसे काढतोय. ती चूक माझी.

पण ३४ पानं कशी झाली तेही लोकांना कळू द्या. खताच्या दुकानाच्या प्लास्टिक पिशवीत तुम्ही सगळे कागद आणले होते, तेलाच्या डागांसकट. पहिल्या दिवशी सहा धनको सांगितले. यादी टाइप झाली. दुसऱ्या दिवशी मोबाईल ॲपवरची दोन कर्जं आठवली, यादी परत केली. तिसऱ्या दिवशी उसनवारीचे निघाले, आणि सावकाराचं नाव ‘घालू नका’ म्हणालात. मी घालायला लावलं. कारण नादारीच्या अर्जात एक जरी देणं लपवलं आणि पुढं उघडं पडलं तर सगळ्या अर्जावरच संशय येतो, कर्जातून मुक्तता मागताना तोच धनको उभा राहतो. परवाना नसलेल्या सावकाराची तक्रार २०१४ च्या सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या निबंधकाकडे करता येते, हेही त्याच वेळी सांगितलं. यादी तीनदा टाइप झाली. पैसे शेवटच्या एकाच यादीचे घेतले. पहिल्या दोन रद्दीत गेल्या, त्यांचा कागद माझा.

२०१६ च्या नव्या दिवाळखोरी संहितेखाली ऑनलाइन अर्ज का केला नाही, असंही तुम्ही लिहिलंय. त्या संहितेतला व्यक्तींचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झालाय, पण फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांसाठी. तुम्ही कुठल्या कंपनीला जामीन नाहीत, म्हणून अर्ज जुन्याच कायद्याखाली केला. असता तर अर्जाची फी २,००० रुपये, प्रकरण हाताळायला नेमलेल्या ठराव व्यावसायिकाचा (रिझोल्यूशन प्रोफेशनलचा) मोबदला वेगळा, आणि प्रकरण मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात. तारखेला देवगिरी एक्स्प्रेसनं जाणं-येणं आणि राहणं-खाणं धरा, म्हणजे ९ हजारांत काय काय बसलं असतं ते कळेल. खरं सांगून तुम्हाला त्या वाटेला जाऊ दिलं नाही, याचे मी वेगळे पैसे घेतलेले नाहीत.

आणि भाऊ, फुकटचा वकील मिळतो हे मी लपवलं, असं जे लिहिलंय ते मनाला फार लागलं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस कोर्टाच्या आवारातच आहे. बाईमाणसाला उत्पन्नाची अट न लावता, आणि कमी उत्पन्नाच्या माणसाला, तिथून वकील विनाशुल्क मिळतो. मी बोटानं ते दार दाखवलं होतं. ‘फुकटच्या वकिलाचं काम नको, चांगला बघा’, हे शब्द तुमचे. राग मानू नका, पण ते विसरून मला चोर ठरवू नका.

सोबत आलेल्या ताईंनी जाता जाता मंगळसूत्र मुठीत धरून मला विचारलं होतं, ‘हे बी नेतेत का हो?’ मी दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० उघडून त्यांना वाचून दाखवलं. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्माच्या रीतीप्रमाणे बाईला अंगावरून काढता येत नाही असा दागिना जप्त होत नाही. कारागिराची हत्यारं आणि शेतकऱ्याची अवजारंही नाही. ताई तिथंच बाकावर बसल्या आणि पाणी मागितलं. त्या अर्ध्या तासाचे पैसे मी लावले नाहीत, लावणारही नव्हतो. चेक बाऊन्सची केस या अर्जानं थांबणार नाही, हेही त्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. गोड बोलून ‘सगळं माफ होतं’ म्हटलं असतं तर तुम्ही कदाचित पाच स्टार दिले असते.

तुमचं कर्ज किती आणि कोणाचं, ते मी इथं लिहिलेलं नाही, लिहिणार नाही. दरपत्रक भिंतीवर लावायचं बघतोय. खर्चाचा कागद आधी देण्याचंही सुरू करतो, जमेल तसं.

नोटीस छापून आली आहे. कात्रण पूर्ण पानासकट कापून, तारीख दिसेल असं कागदावर चिकटवून ठेवलंय. पुढच्या तारखेला ते कोर्टात दाखल करावं लागेल. तुमची खताची पिशवीही माझ्याच कपाटात आहे, मूळ कागद तिच्यात आहेत. सोमवारी अकराच्या आत या, बसावं लागणार नाही. सगळ्या पावत्या समोर ठेवून एकदा बेरीज करू. एक रुपया जरी माझ्याकडे जास्त निघाला तर तिथंच परत देतो.

— केंद्रचालक, टायपिंग व दस्तलेखन, कोर्टासमोर, परभणी