रुग्णाच्या नोंदींना कंपनीचं कुलूप कशाला?

डॉक्टर बदलला की रक्ताच्या तपासण्या पुन्हा, ॲलर्जी पुन्हा सांगा, चालू गोळ्यांची यादी पुन्हा लिहा. हे सगळं आधीच कुठल्यातरी कॉम्प्युटरमध्ये असतं. दोन सिस्टिम एकमेकींशी बोलू शकत नाहीत, हे रुग्णालयांना सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांचं कारण मला पटत नाही.

एक्स-रे, सीटी, एमआरआयचं बघा. १९८५ मध्ये रेडिऑलॉजिस्ट आणि मशीन बनवणाऱ्या कंपन्यांनी मिळून या चित्रांसाठी एक सामायिक मानक आणलं. १९९३ पासून त्याला डायकॉम म्हणतात. आज एका कंपनीच्या मशीनवरचा स्कॅन दुसरीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतो. त्यामुळे मशीनवाल्या कंपन्या बुडाल्या का? त्या चित्र किती स्पष्ट, स्कॅन किती झटपट, यावर एकमेकींशी झुंजतात. स्पर्धा अशीच हवी.

लेखी नोंदींसाठीही फायर नावाचं मानक आहे. ऑस्ट्रेलियाच्या ग्रॅहम ग्रीव्ह यांनी २०११ मध्ये त्याची सुरुवात केली. निदान, औषध, ॲलर्जी, तपासणीचा निकाल, प्रत्येकाचा साचा ठरलेला. एखाद्या छोट्या टीमने मधुमेहींसाठी उत्तम ॲप केलं, तर रुग्णाच्या परवानगीने साखरेचे जुने आकडे त्यात थेट यायला हवेत. पण हाती पडते ती पीडीएफ! ती माणूस वाचतो, पण त्या आकड्यांचा आलेख काढायचा किंवा दोन औषधं एकत्र घेणं धोक्याचं आहे हे ओळखायचं, तर ॲपला त्यातून फारसं काही मिळत नाही. पीडीएफ देऊन ‘आम्ही डेटा दिला’ म्हणणं ही रुग्णाची फसवणूक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

अमेरिकेने २०१६ च्या क्युअर्स कायद्यात माहिती अडवून धरण्यावर बंदी घातली. सॉफ्टवेअर कंपनीला एका उल्लंघनामागे १० लाख डॉलरपर्यंत दंड. पण नियम लागू व्हायला एप्रिल २०२१ उजाडलं, दंडाची अंमलबजावणी तर सप्टेंबर २०२३ पासून. तोवर मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांना पाय रोवायला भरपूर वेळ मिळाला.

गोपनीयतेची भीती मात्र खरी आहे. रुग्णाची माहिती गुप्त ठेवायला लावणारा अमेरिकेतला हिपा कायदा रुग्णालयांना आणि विमा कंपन्यांना बांधतो. रुग्णाने स्वतः निवडलेल्या ॲपमध्ये माहिती गेली की बहुतेकदा ते संरक्षण सुटतं. मग माहिती विकायला बंदी घाला, दिलेली परवानगी कधीही मागे घेता येऊ द्या, हे नियम मोडणाऱ्या ॲपला जबर दंड करा. त्यासाठी रुग्णाला त्याच्याच नोंदींपासून तोडायची काय गरज?

आणि रुग्णालयांनी कायद्याची वाट बघत बसू नये. सॉफ्टवेअर घेतानाच करारात लिहून घ्यावं: आम्ही सोडून जाऊ तेव्हा सगळ्या नोंदी फायरच्या साच्यात, ठरलेल्या मुदतीत, वेगळी फी न घेता मिळाल्या पाहिजेत. जी कंपनी यावर सही करायला कचरते, तिच्याकडून सॉफ्टवेअर घेऊ नये.